बादलीभरच पाणी

टँपा, फ्लोरिडा
१४ नोव्हेंबर १९७८

चि. हालिनास, अ. उ. आशीर्वाद.

मी इथे सुखरूप आहे. निदान तुझा दादा झेनॉन फोनवर सगळ्यांना तसं सांगतो. नोव्हेंबरात घाम येतो, माणसं अर्ध्या चड्डीत चर्चला जातात आणि तुझी डोनावहिनी मला दिवसभर संत्र्याचा रस पाजते. कमरेचं हाड जुळलं, आता बाकीचा मी आंबेन.

कामाचं बोलतो. घर वाफेनं तापवणारा तळघरातला बॉयलर आता तुझ्या ताब्यात आहे. तो वयाने माझ्याहून जरा लहान आणि समजुतीने तुझ्याहून बराच मोठा आहे, तेव्हा त्याला शिकवायला जाऊ नकोस. दर शनिवारी सकाळी पुढच्या तोटीखाली बादली लावायची. गढूळ पाणी येईल, ते येऊ द्यायचं. बादली भरली की तोटी बंद. मग काचेच्या नळीत पाणी निम्म्यावर आहे ना ते बघायचं आणि कमी असेल तर हळूहळू भरायचं. बादलीभरच काढायचं, जास्त शहाणपणा नको.

झेनॉनशी काय ठरलंय ते तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहितो, कारण माझी मुलं सोयीचं तेवढं लक्षात ठेवतात. बॉयलरनं हिवाळा काढला तर एप्रिलात मी माझ्या घरी. नाही काढला तर घर विकायचं आणि मी कायमचा इथे, रस पीत. बादली घेऊन जिन्यावरून एकदा पडलो काय, तुम्ही मला पार मोडीत काढलंत.

कळावे. लोभ माझ्यावर नसला तरी चालेल, बॉयलरवर असू दे.

तुझा बाबा


वूस्टर, मॅसॅच्युसेट्स
३ डिसेंबर १९७८

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं प्रेमळ पत्र पोचलं. मी कशी आहे ते विचारायचं राहून गेलेलं दिसतंय. बॉयलर मजेत आहे.

चांगला गरम फ्लॅट सोडून मी तुमच्या घरात राहायला आले, त्याचं बक्षीस रोज मिळतंय. दिवसभर डेंटिस्टच्या दवाखान्यात लोकांचं कण्हणं ऐकायचं आणि घरी येऊन पाइपांचं. वाफ वर चढायला लागली की भिंतीत कोणीतरी हातोडा घेऊन बसल्यासारखा ठणठणाट सुरू होतो. स्वयंपाकघर तापवणारा रेडिएटर तर शिट्टी वाजवता वाजवता थुंकतो. काचेच्या नळीतलं पाणी खालीवर उड्या मारतं आणि त्याचा रंग कसा आहे ते मी जेवणाआधी लिहीत नाही.

शनिवारी बादली काढते. पण बाबा, आत एवढा गाळ असताना बादलीभरच का? हा काय नवस आहे? सगळं पाणी काढून एकदा स्वच्छ धुतलं तर काय बिघडेल?

शेजारच्या पावलोस्काकाकू बटाटा भरून उकडलेले पिएरोगी घेऊन आल्या होत्या. तुमची चौकशी करत होत्या. बॉयलरजवळ जेवढे बसायचे तेवढे बायकोजवळ बसले असते तर ती बिचारी सुखाने गेली असती, असंही म्हणाल्या. पिएरोगी चांगले होते.

कळावे, लोभ आहेच, बॉयलरच्या खालोखाल असला तरी.

आपली हालिना


टँपा
१३ डिसेंबर १९७८

चि. हालिनास आशीर्वाद.

हो, नवसच समज. नवसाला कारण विचारत नाहीत. बादलीभरच.

पावलोस्काबाईंना सांग, माझ्या बायकोला गरम घर हवं होतं आणि मरेपर्यंत ते मिळालं. त्यांच्या यजमानांनी तर मिश्यांपलीकडे काही सांभाळलं नाही.

इथे बॉयलर नाही. गॅरेजमध्ये नळाचं पाणी तापवायची एक पांढरी टाकी आहे, तिलाही खाली तोटी आहे. शनिवारी मी तिच्यातून बादली काढतो. पाणी लख्ख स्वच्छ येतं. इतकं निरुपयोगी यंत्र मी आयुष्यात पाहिलं नाही.

नाताळच्या संध्याकाळी वाटून खायची पातळ पोळी सोबत पाठवली आहे. अर्धी मी ठेवली, अर्धी तुझी. टपालात चुरा होईल, पण चुरा असला तरी खा.

लोभ असावा आणि हात आवरावा.

बाबा


वूस्टर
९ जानेवारी १९७९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

पोळीचा चुरा नाताळला खाल्ला आणि एकटीच रडले, ते असो. आता आनंदाची बातमी. बसून वाचा, कंबर नवी आहे.

मी बॉयलर धुतला. ग्रंथालयातून पुस्तक आणलं, रविवारी आग बंद केली, पार थंड झाल्यावर सगळं पाणी काढलं, धुण्याचा सोडा घालून उकळवलं, पुन्हा थंड करून पुन्हा काढलं. आतून काय निघालं म्हणून सांगू! राखाडी, चिकट, गुठळ्यागुठळ्यांची पेज. बादल्याच्या बादल्या. इतकी वर्षं दर शनिवारी तुम्ही त्या बॉयलरची नुसती पूजा करत होतात, धूत नव्हतात हे उघड आहे.

आता घर कसं आहे म्हणाल तर चिडीचूप. भिंतीतला हातोडेवाला नोकरी सोडून गेला. नळीतलं पाणी स्थिर आणि नितळ. रेडिएटर थुंकत नाही. तुमच्या मुलीला काही येत नाही असं यापुढे म्हणायचं असेल तर विचार करून म्हणा.

लोभ वाढवायला आता हरकत नसावी.

हालिना


टँपा
१५ जानेवारी १९७९

हालिना,

अभिनंदन. पुस्तक लिहिणाऱ्यालाही माझा नमस्कार सांग.

आता अंगणात जा आणि चिमणीकडे बघ. पांढरा धूर दिसतोय का? नळीतलं पाणी भरलं तरी उतरतंय का? झेनॉनला एक अक्षर बोलू नकोस. जिन्याखाली, कोबी खारवायच्या जुन्या पिंपामागे बघ.

बाबा


वूस्टर
२४ जानेवारी १९७९

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यायच्या आधीच पावलोस्काकाकूंनी दार वाजवलं. तुमच्या चिमणीतून पांढरा धूर येतोय, रोमला पुन्हा नवा पोप निवडला का, असं विचारायला. गेल्या खेपेला आपला पोलिश माणूस झाल्यापासून त्या आभाळाकडेच डोळे लावून असतात. मी हसले. मग तळघरात गेले तर नळीत पाणी जवळजवळ नव्हतंच. चटकन आग बंद केली. बाहेर रस्त्यावर बर्फाचा दगड झाला होता आणि आत मी दोन कोट घालून बसले होते.

पिंपामागे बघितलं. ओट्सचे रिकामे डबे, छतापर्यंत. डॉक्टरांनी हृदयासाठी ओट्स खायला सांगितलेत म्हणून तुम्ही सगळ्या गल्लीला सांगत होतात ना? काकू तर तुमच्या पथ्याचं कौतुक करायच्या. बॉयलरला वर चीर गेलीय आणि तिथून वाफ चिमणीत जाते. ती बुजावी म्हणून तुम्ही त्याला लापशी भरवत होतात, आणि पाइपांचा ठणठणाट, रेडिएटरचं थुंकणं, सगळी त्या लापशीची करणी. घाणीनेच तो धरून ठेवला होता आणि मी ती सोडा घालून धुतली.

मला सांगायला काय झालं होतं? तुम्हाला वाटलं, मी दादाला सांगेन. बरोबर वाटलं. नोव्हेंबरात सांगितलंच असतं. तुम्ही त्या जिन्याच्या तळाशी पडलेले मला सापडला होतात, तेव्हा हे घर विकलं गेलं तर बरं असंच मला वाटत होतं. ते तेव्हाचं. आता इथे राहून कळलं की शनिवारी खाली गेल्याशिवाय मलाही सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. याबद्दल मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

दुकानातून ओट्स आणले. बॉयलर थंड होताच माथ्यावरचं बूच उघडून नरसाळ्याने आत घातले. लहानपणी तुम्ही मला जबरदस्तीने भरवायचात तो वास अजून तसाच येतो. आज धूर जवळपास थांबलाय. भिंतीतला हातोडेवाला कामावर परत आला आणि मी गाढ झोपले.

दादाचा फोन होता. बॉयलर कसा आहे म्हणाला. पोटभर जेवतोय असं सांगितलं.

कळावे, लोभ ठेवा, नाहीतर पुन्हा धुवायला घेईन.

हालिना


टँपा
१८ फेब्रुवारी १९७९

चि. हालिनास अ. आ.

दादाचं पत्र बघून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत. काल बाबांनी डोनाला बाजारात पाठवून जाड ओट्सचे डबे आणवले आणि ते तुला पार्सलने पाठवायला लावले. वूस्टरमध्ये ओट्स मिळत नाहीत का, असं तिने विचारलं. बाबा म्हणाले, मिळतात, पण ही पोरगी लवकर शिजणारे आणेल. डोनाला काही कळलं नाही. तू ओट्स बघून टेबलाखाली लपायचीस, हे मला मात्र आठवतंय.

मला गेल्या हिवाळ्यापासूनच माहीत आहे, हालिना. तिकडे आलो होतो तेव्हा स्वयंपाकघरातला रेडिएटर माझ्या नव्या शर्टावर थुंकला आणि शर्टाला नाश्त्याच्या लापशीचा वास आला. म्हणूनच तो करार केला. पैज आधीच जिंकलेली आहे, अशी माझी खात्री होती. तुम्ही दोघं मला शेवटपर्यंत बावळट समजलात, त्याबद्दल आभारी आहे.

पण काल सकाळी गॅरेजमध्ये गेलो तर बाबा काठी टेकून टाकीजवळ उभे होते. बादली भरली होती. पाणी स्वच्छ. ते त्यात बघत बराच वेळ उभे राहिले. मग पाणी संत्र्याच्या झाडाला घातलं आणि मला म्हणाले की तुझं घर चांगलं आहे रे, फक्त इथे माझ्यावाचून कशाचंच अडत नाही. रागाने म्हणाले असते तर मी भांडलो असतो. तसे नाही म्हणाले.

मी हरलो. एप्रिलचं तिकीट काढलंय. बॉयलरला तोपर्यंत जेवू घाल आणि नळीवर डोळा ठेव. तळघराच्या जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घे, त्यावर बाबांची कुरकुर मी ऐकणार नाही. उन्हाळ्यात नवा बॉयलर बसेल. मी तिकडच्या दुकानदाराशी फोनवर बोललो. तो म्हणाला, आजकाल असे निघालेत की वर्षभर हात लावावा लागत नाही. त्याला म्हटलं, तसला मुळीच नको, दर शनिवारी बादलीभर पाणी काढावं लागेल असाच दे.

कळावे. माझ्यावर थोडा लोभ उरला असेल तर असावा.

तुझा दादा,
झेनॉन