अण्णांचे कान

अण्णा, परवा एका लग्नात तुमच्या वेळचा तो कॉफीमळ्याचा मालक भेटला. आता पार वाकलाय. चारचौघांत म्हणाला, "हिच्या वडिलांचे कान म्हणजे कान!" मी मान डोलावली आणि जिलबी खाल्ली. गावभरच्या लोकांना लेखांतून टोचणारी मी गप्प बसले, हे घरी सांगितलं तर कुणाला पटायचं नाही.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलेली ती वर्षं. लष्कराने लिलावात काढलेल्या जीपांवर तिकडे कन्नड मुलखात येलहंक्याच्या रस्त्यावरचं आपलं गॅरेज चालत होतं, आणि तुम्हाला बारीक, चिरके आवाज ऐकू येईनासे झाले होते. गुरगुर, धडधड तुमच्या तळहाताला कळायची; अम्माच्या बांगड्यांची किणकिण मात्र गेली, सुकलेल्या जॉइंटची चिरचिरही गेली. हे फक्त आपल्या तिघांना ठाऊक. गिऱ्हाइकांत फुटलं असतं तर गॅरेज बंदच. म्हणून कॉलेजातून आले की मी जीपच्या मागच्या सीटवर, लोकांना सांगायला हवा खायला. माझा आवाज घोगरा, असल्या मुलीला कोण करून घेणार म्हणून अम्मा हळहळायची. तुम्हाला तोच तेवढा नीट ऐकू यायचा.

एके दिवशी तुम्ही त्या मळेवाल्याची जीप चालवून बघताय, तो तुमच्या शेजारी बसलाय. जीप आवाज करते म्हणून दुसऱ्या कुणा मेकॅनिकने त्याला गिअरबॉक्स उतरवायला सांगितलाय. "ऐकू येतंय ना, अण्णा?" तो कन्नडात विचारतो. "हूं," तुम्ही म्हणता, आणि मला मराठीत, "बोल, अक्का."

"गिअरबॉक्सच वाटतो—"

"बारसं नंतर कर! आधी आवाज कधी येतो ते सांग."

"वेगाबरोबर वाढतो." तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढता. "तसाच." तुम्ही न्यूट्रल करता. "तरी तसाच. चिर्र, चिर्र."

मळेवाला वळून बघतो. "मुलगी काय म्हणते?"

"भूक लागली म्हणते."

"स्वल्प थांब म्हणावं."

मग कडेला थांबून तुम्ही पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट काढलात. पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर दिला नसला, तरी त्या जीपमध्ये तो चाकांबरोबर फिरतोच. नुसत्या मागच्या चाकांवर जीप पुन्हा पळवलीत. "आवाज गेला," मी म्हटलं. "पुढच्या शाफ्टचा जॉइंट सुकलाय," तुम्ही त्याला सांगितलंत, "गिअरबॉक्स धड आहे." "सरी, सरी, बरोबर! काय कान आहेत तुमचे!" तुम्ही आरशात माझ्याकडे बघितलंत. "घरचेच आहेत," म्हणालात.

लोकांना वाटतं, माझं सगळं लिखाण जिभेवर चालतं. खरं तर अजून तेच करते: कोण कधी करकरतो, ओझं ओढताना की उतारावर, ते आधी ऐकते. बारसं नंतर.

तुम्ही तर गेलात; हे पत्र टाकायचं कुठे? टाकलं तर कुणीतरी वाचणार, आणि तुमची गोष्ट फुटणार. म्हणून घडी करून कपाटात ठेवतेय. फक्त एक सांगते, अण्णा. त्या कपाटाला कुलूप आहे, पण मी ते लावलेलं नाही.