एकदा वाचून झालेली यादी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी काल कामावर पहिली आठवण तुमचीच आली. सांगलीतल्या हळदीच्या शीतगृहात तापमान नोंदवणारा सी भाषेतला एक जुना प्रोग्राम आम्ही नव्या संगणकावर चढवला होता. तिथले ऑपरेटर फौजेतून आलेले. त्यांचा साताऱ्याला आमच्या ऑफिसात फोन आला, "आवं मॅडम, स्क्रीनवर बारा डिग्री दावतंय आन् फायलीत उणे कायतरी लाखात. आत हळद हाय का हिमालय?" मी एसटीनं सांगलीला गेले. माझ्या आधीच्या कुणीतरी, कितीही आर्ग्युमेंट, म्हणजे हवे तितके आकडे, घेणाऱ्या फंक्शनमधली त्या आकड्यांची यादी आधी स्क्रीनवर छापायला दिली होती आणि मग तीच तशीच फाईलला. पाच मिनिटांत फाईलसाठी यादीची वेगळी प्रत काढली, आकडे जुळले. "लय अभ्यास हाय तुमचा," ते म्हणाले. मी परतीची एसटी धरली. घरी हे समजेल असं कुणी नाही, कधी नव्हतंच.

आठवतं ते असं: कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्ही माझ्या खुर्चीमागे उभे आहात. "एकदा वाचून झालेली यादी दुसऱ्याला देऊ नकोस. आधी प्रत काढ," तुम्ही म्हणता. मी म्हणते, "पण सर, चालतंय की." आणि तीच यादी दोनदा छापणारा माझा प्रोग्राम सगळ्यांसमोर चालवून दाखवते. दोन्ही ओळींत आकडे बरोबर. मागून कुणीतरी ओरडतं, "सरांची विकेट पडली रं!" वर्ग हसतो. तुम्ही चष्मा पुसत म्हणता, "ह्या मशीनवर चालतंय गं. यादी कशी ठेवायची ते प्रत्येक मशीन आपापलं ठरवतं." ते कुणी ऐकलंच नाही. मीही नाही. पुढच्या वर्षीच्या मुलींकडून कळलं की तुम्ही तो भाग आता शिकवतच नाही, पुस्तकातून वाचा म्हणता. वीस वर्षं ज्या माणसानं तो फळ्यावर शिकवला, त्यानं.

काल चूक इतक्या चटकन कशी सापडली, याचं खरं उत्तर मी ऑपरेटरना दिलं नाही. ती मी आधी पाहिली होती. त्या वर्गानंतरच्याच रविवारी साताऱ्यात मावसभावाकडे नवंकोरं, कॉलेजातल्यांहून वेगळ्या जातीचं, चौसष्ट बिटांचं मशीन आलं होतं. त्यावर मी तोच प्रोग्राम चालवला. पहिली ओळ बरोबर, दुसरी कचरा. पहिल्या छपाईनं यादी जिथं वाचून सोडली, दुसरी तिथूनच पुढं वाचत होती. तुम्ही सांगितलं होतं तसंच.

तुमचंच बरोबर होतं हे सांगायला सोमवारी मी स्टाफरूमच्या दारापर्यंत आले होते, सर. तुम्ही एकटेच डबा खात होता. जेवताना कशाला त्रास द्यायचा, म्हणून परत फिरले, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. त्या आठवड्यात वर्ग मला हुशार म्हणत होता, आणि मला ते अजून थोडे दिवस हवं होतं.