शंभरावरचा काटा

१५ मे १९८३, रविवार
इंजिन सुरू झालं. पहिल्या झटक्यात नाही, पण झालं. ऑईल प्रेशरचा काटा थेट शंभरावर! सासरेबुवांच्या हयातीत हा काटा साठाच्या वर गेला नाही. जन्मभर ही दोन सीटांची गाडी चालवली, दर ऑगस्टला टेकडीच्या शर्यतीत पळवली आणि साठावर समाधान मानलं. काही माणसांना महत्त्वाकांक्षाच नसते.

मी हिवाळाभर इंजिन खोलून पुन्हा जोडलं. जादा प्रेशर सोडून देणारा जो व्हॉल्व्ह असतो, त्याच्या स्प्रिंगखाली दोन वॉशर सरकवले. प्रेशर वाया जाऊ द्यायचंच कशाला? विनी गॅरेजच्या दारात येऊन म्हणाली, बाबांच्या वेळी साठ असायचं. म्हटलं, तेच तर.

१८ मे, बुधवार
जुन्या गाड्यांच्या क्लबची बैठक. आमच्या क्लबात कोणाची गाडी किती पळते ते कोणी विचारत नाही, कारण कोणाचीच फारशी पळत नाही. काटा विचारतात. पबच्या अंगणात इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. ग्लास हातात घेऊन एकेक जण डोकावून गेला. पर्सी हॅडल, आमचा तांत्रिक सल्लागार, म्हणाला की शंभर जरा जास्तच आहे. जळतो.

येताना तापमानाचा काटाही चढला. पुलापाशी लाल रेघेवर. नव्या इंजिनाला ऊब लागतेच.

५ जून, रविवार
विनीला फिरवून आणलं. स्टिअरिंग मागितलं तिने. दरवर्षी मागते. गाडी कागदोपत्री तिची, वडिलांनी तिच्या नावावर केली, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण नव्या इंजिनाला हळुवार पाय लागतो. ऑगस्टात टेकडीवर एकदा तरी मी स्वतः चालवणार, म्हणते. टेकडी विकली गेलीय, ही शेवटचीच शर्यत. म्हटलं, बघू. (फॉर्म माझ्या नावाने भरून धाडला आहे. योग्य वेळी सांगेन.)

घरी येताना गाडी उकळायला लागली. हीटर पूर्ण सोडला. इंजिनातली उष्णता आत ओढून घ्यायची, जुन्या गाड्यांवाले सगळे हेच करतात. बाहेर रणरणतं ऊन. विनी पाय वर घेऊन बसली होती. बुटाचा डिंक वितळला म्हणे. अतिशयोक्ती तिच्या माहेरचीच.

११ जून
दोष सापडला. थर्मोस्टॅट. बदलला.

१२ जून
थर्मोस्टॅट नव्हता.

१९ जून
दोष सापडला, या वेळी नक्की. रेडिएटरमध्ये गाळ. पाइप लावून धुऊन काढला. शेजारच्या मिसेस ट्रेंब्लेच्या पांढऱ्या गुलाबांवर तांबडं पाणी उडालं. बाई कुंपणापाशी येऊन फुलांकडे बघत उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. समजूतदार आहेत.

२० जून
उकळली. मिसेस ट्रेंब्ले बोलल्या.

३ जुलै, रविवार
पातळ ऑईल लवकर तापतं, म्हणून सर्वांत जाड होतं ते भरलं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं, काटा शंभराच्याही पलीकडे गेला, आणि ऑईल फिल्टरचं सील फुटलं. सगळं ऑईल फाटकापर्यंत वाहत गेलं. हलक्या दर्जाचं सील. हल्ली कोणी काही नीट बनवतच नाही.

विनीने पर्सीला फोन केला. मला न विचारता. तो आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नॉर्मन, एक तर काटा शंभरावर ठेव, नाहीतर गाडी ठेव." वॉशर काढ, म्हणतो. आणि इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, खोल, त्याखालची गॅस्केटची पट्टी उलटी बसली असेल तर पाण्याची भोकं बुजलेली असतील. 'वर' असं छापलेली बाजू वरच होती ना?

हा प्रश्न मला! मी म्हटलं, मी स्वतः बसवलंय ते, खोलण्याचा प्रश्नच येत नाही. विनी माझ्याकडे बघत राहिली. गॅस्केट बसवताना दिवा तिने धरला होता आणि त्यावरच्या अक्षरांबद्दल काहीतरी म्हणाली होती. मी तिला चहा करायला पाठवलं. वडिलांबरोबर गॅरेजमध्ये वाढली, चार शब्द कानावर पडलेत, एवढंच.

१७ जुलै
उकाडा. निश्चय : उद्यापासून शिस्तीत तपासणी. एका वेळी एकच गोष्ट.

१८ जुलै
फार उकाडा.

३१ जुलै, रविवार
सगळा विचार करून पाहिला. मूळ रेडिएटरच लहान आहे. कारखान्याची चूक, एवढ्या वर्षांत कोणाच्या लक्षात आली नाही. शनिवारी बर्मिंगहॅमला जुन्या पार्ट्सच्या बाजारात जाऊन मोठा आणतो. मुक्काम चुलतभावाकडे.

७ ऑगस्ट, रविवार
रेडिएटर आणला. दोन बोटं जास्त रुंद आहे, मावत नाही.

गॅरेजमध्ये वेगळाच प्रकार. हेड उतरवून परत बसवलेलं. कामाच्या टेबलावर जुनं गॅस्केट, भोकं बुजलेल्या जागी काळं पडलेलं. बशीत माझे दोन वॉशर. विनी कोपरापर्यंत माखलेले हात कपडे धुवायच्या पावडरने घासत होती. काम तिने केलं, पर्सी पाने देत होता. माझ्या गॅरेजमध्ये! मला त्याने कधी साधा स्क्रूड्रायव्हर दिलेला नाही.

काटा साठावर. गावाभोवती चक्कर मारून आली, गाडी गरम झाली नाही. मी समजावलं की रेडिएटर धुतल्याचा परिणाम आता दिसतोय, असं होतं कधीकधी. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, आयोजकांचा फोन होता, नॉर्मन एल्फिक आहेत का म्हणून. मी म्हटलं, योग्य वेळी सांगणारच होतो, पण आता नाव बदलणं अवघड आहे. ते तिने फोनवरच बदलून घेतलं होतं.

१४ ऑगस्ट, रविवार
टेकडी. घोषणा तिच्या माहेरच्या नावाने झाली. जुनी मंडळी घडीच्या खुर्च्यांवरून उठून उभी राहिली. रेषेवरच्या अधिकाऱ्याने मला विचारलं, आपण कोण? म्हटलं, या गाडीचा मेकॅनिक. पर्सी खोकला. अधिकारी म्हणाला, मग दोरीच्या मागे उभे राहा.

ती निघाली. शेवटच्या वळणापर्यंत मी वाफ दिसते का ते बघत होतो. दिसली नाही.

वर गेलेल्या गाड्या त्याच रस्त्याने खाली येतात. सगळ्या आल्या. ती वरच्या फाटकातून बाहेर पडली होती. मला पर्सीने घरी सोडलं.

चहाच्या वेळी तिचा फोन. समुद्राकाठी, बहिणीकडे पोचली आहे. वाटेत सगळे घाट चढली, गाडी कुठेही तापली नाही. मी म्हटलं, छान, चढावर खालचा गिअर टाकत जा. कधी येतेस ते विचारलं.

"नॉर्मन," ती म्हणाली, "हीटर बंद ठेवला की या गाडीत किती छान वारा लागतो."

मी विचारलं काय, तिने सांगितलं काय. लांबून फोन केला की नीट ऐकू येत नाही. उद्या मीच फोन करतो. तिच्या बहिणीचा नंबर शोधायला हवा. फोन नेहमी विनीच करायची.