दुसरा पिंड

आई, तुझ्या दहाव्याला काका दोन पिंड करून घेऊन आले होते. खाडीच्या काठावर डबा उघडून मला हळूच म्हणाले, "वहिनीक ह्यांच आवडला असता." मी एकच बाहेर काढू दिला. दुसरा डब्यातच ठेवा म्हटलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. तुझी मुलगी, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि नको म्हणते! तेव्हा कारण सांगितलं नाही. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, काकाही गेले. तुला तरी सांगते.

बाबांच्या दहाव्याला याच काठावर तू काय गोंधळ घातला होतास, आठवतं? कावळे समोरच्या भिंतीवर रांगेने बसलेले, आणि एकही खाली उतरत नाही. काका हात जोडून बाबांना सांगतायत, "पोरीचा सगळा मी बघतंय, तू काळजी करू नको." आत्या नवस बोलते आहे. आणि तू, डोळे सुजलेले, पदर खोचून उभी. "भावोजी, मागे देवनारचा कचरा डेपो आहे. या कावळ्यांची पोटं भरलेली आहेत. ह्यांची इच्छा राहिली म्हणून ते येत नाहीत, असं वाटत असेल तर शेजारी दुसरा पिंड ठेवा, कुणाच्याच नावाचा नसलेला. तो खाल्ला आणि ह्यांचा नाही, तर मी मानेन." काका चिडले. "वहिनी, ह्यो काय शाळेतलो प्रयोग?" शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली. घाटकोपरच्या घरी परतल्यावर तू ओट्याशी लसूण सोलत बसलीस, आणि सोलता सोलता म्हणालीस, "ह्यांच्या मनात काय राहिलं, ते मलाही ठाऊक नाही गं. कावळ्याला विचारून ते कळणार नाही, आणि दुसरं विचारणार कुणाला? माहीत नाही म्हणायला लाजू नये, एवढंच." मग तू रडलीस. मी तुला इतकं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

तुझ्या वेळी हॉस्पिटलमध्ये मशीन होतं. प्राणवायू किती, रक्तदाब किती, सगळं पडद्यावर दिसत होतं आणि मी ते नातेवाइकांना समजावून सांगत होते, वर्गात सांगावं तसं. त्या मशीनमुळे तू आठवडाभर जास्त राहिलीस, हे मी विसरलेले नाही. पण तू डोळे उघडत नव्हतीस. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणायचे, "आई, मी इथेच आहे, कुठे जात नाही." डॉक्टरांना विचारलं, तिला ऐकू जातं का हो? ते भले माणूस. म्हणाले, "खरं सांगू? सांगता येत नाही. तुम्ही बोलत राहा." आई, हे तर आपल्याच घरातलं वाक्य. तुझ्या तोंडून ऐकताना मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा. त्या दिवशी मात्र ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

म्हणून दुसरा पिंड नको होता. मला पडताळायचं नव्हतंच. मला कावळा अडायला हवा होता. तो अडला असता तर मीही काकांसारखी हात जोडून, सगळ्यांसमोर, मोठ्याने तुला म्हणाले असते की मी इथेच आहे. तू हॉस्पिटलमध्ये ते ऐकलंस की नाही कोण जाणे, निदान तिथे तरी ऐकतेयस असं मानता आलं असतं.

पण काकांचे हात जोडून व्हायच्या आतच एक कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांचे चेहरे खुलले. "सुटली बिचारी, कशातच जीव अडकला नव्हता हो तिचा," आत्या म्हणाली.

मला ठाऊक आहे, एका कावळ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तो भुकेला असेल, बस. मुलांना मी आजही हेच शिकवते. तरी त्या दिवशी मला फार लागलं, आई. अजून लागतं. माझ्यासाठी तरी थोडी अडायची होतीस.