उजव्या रॅकचे उंदीर

४ मार्च
सातवा आठवडा. चार फाट्यांची उंच पट्टी, दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. घाबरलेला उंदीर भिंतीआड बसतो, धीट उंदीर उघड्यावर येतो. उघड्यावरचे सेकंद मी मोजते.
आल्यातले काही घटक मेंदूतल्या सेरोटोनिनच्या एका रिसेप्टरला चिकटतात, एवढं काचनळीत दिसलंय. त्याने चिंता खरंच कमी होते का, ते उंदीर सांगणार. एका रॅकला आल्याचा अर्क, दुसऱ्याला नुसतं पाणी. कुठल्या रॅकला काय, ते फक्त प्राणिगृहाच्या काकांना ठाऊक. मोजणी संपेपर्यंत मला कळता कामा नये.

९ मार्च
आईचा फोन. "उंदरांना आलं पाजतेस, स्वतः घेतेस का? आवाज किती उतरलाय तुझा." म्हटलं, ठीक आहे. दिवसभरात एवढंच बोलले — माणसांशी.

२१ मार्च
मोजणी संपली, गट उघडले. दोन्ही रॅक सारखेच धीट. म्हणजे आलं निकामी. माझ्या गाईड मॅडमनी आकडे दोनदा पाहिले. "पाण्यावरचे उंदीर एवढे शूर? यांना कुणी धीर दिला?" शुक्रवारी अहवाल जायचाय.

२२ मार्च
काकांना विचारलं, उजव्या रॅकला नक्की पाणीच ना?
"पाणीच, ताई. वर तुमचा खुराक. रोज सकाळी खुर्ची टाकून एकेकाला हातात घेता, गप्पा मारता. डावीकडच्यांना कधी 'काय रे' तरी विचारलंत?"
डावीकडे खुर्ची मावत नाही. एवढंच कारण.
रोज हाताळलेला उंदीर कमी घाबरतो. हे पहिल्या वर्षात शिकवतात. नऊ आठवडे वाया, आणि चूक माझी.

२३ मार्च
गप्प राहिले तर कुणाला कळणार नाही. काका स्वतःहून बोलायचे नाहीत. अहवाल नीटनेटका, माझ्या फेलोशिपच्या मुदतवाढीवर मॅडमची सही. फक्त आल्याबद्दल एक खोटी गोष्ट माझ्या नावाने छापली जाईल.
जेवले नाही.

२४ मार्च
सांगितलं. तीन वाक्यांत. मॅडमनी अहवाल थांबवला. मुदतवाढीचं? "बघू."

३० मार्च
सही झाली. नवे उंदीर आले, त्यांना मी हात लावायचा नाही असं ठरलंय. संध्याकाळी मॅडमनी दार लोटलं, माझ्यासमोर बसल्या. "त्या उंदरांशी काय बोलायचीस?"
सांगायला तासभर लागला.