ब्रेक पॅड आणि सुमनचा हात

शनिवार, चोपडा

जुन्या गाडीला पुढचे ब्रेक पॅड कडक घ्यायचे की नरम, यातच गॅरेजवर दुपार गेली. कडक जास्त टिकतात. नरम लवकर झिजतात, पण पटकन धरतात. मी कडक बसवले. चिकटपणा, दुसरं काय?

सुमनला मागे बसवून चक्कर मारली. लग्नाला बावीस वर्षं झाली, गतिरोधक दिसला की तिचा हात माझा खांदा दाबतो. आज समोर केळीचा ट्रक आला तेव्हा तर बोटं रुतलीच. तसाच गॅरेजवर परत आलो. खांदा चोळत होतो ते पाहून मिस्तरी हसला. "भाऊ, ब्रेकनं मीटर ते तुमना मांगेच बसेल शे." मग मुकाट्याने नरम पॅड बसवून घेतले.

पुन्हा निघालो. एक गतिरोधक गेला, दुसराही गेला. हात खांद्यावर नुसता ठेवलेला. मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "जरा पळवा की, बाजार उठेल."

हे सुमन म्हणतेय? बावीस वर्षं मी फक्त "हळू" ऐकत आलोय. आणि खरं सांगायचं तर, परवानगी मिळाल्यावर माझ्याच्याने गाडी पळववेना.