भाड्यातच सगळं

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. बाळ आता मान धरू लागलं असेल. त्याला आधी माझा पापा दे, मग पुढचं वाच.

ही जागा मिळाली तेव्हा देवच पावला असं मी तुला कळवलं होतं. शहरात एवढ्याशा भाड्यात दोन खोल्या, वर वीज, पाणी, गॅस, थंडीतली ऊब सगळं भाड्यातच! पहिल्या दिवशी ह्यांनी घरभर दिवे लावले आणि मी मागोमाग विझवत हिंडले. "अगं, फुकट आहे," म्हणाले. फुकट असलं म्हणून काय उधळायचं?

घरमालक बोलायला साखर. पण ऊब त्याच्या खिशातून जाते ना! थंडी पडताच त्याने वरखाली सगळ्या खिडक्यांना स्क्रू मारले आणि घर तापवणाऱ्या बॉयलरशेजारच्या भिंतीतली हवेची जाळी सिमेंटने लिंपून टाकली. मला कौतुकच वाटलं. म्हटलं, हा तर माझ्याच माळेतला मणी.

देव मी त्याच भिंतीशी मांडले, उबेला. तुला माहीत आहे, माझं नामस्मरण म्हणजे ओठांवर देव आणि लक्ष दुधावर. इथे मात्र डोळे मिटले की सगळं शांत व्हायचं. हातातली माळ कधी गळून पडायची ते कळायचं नाही. उठताना डोकं ठणकायचं, तेही मी देवाला वाहिलं. इतक्या वर्षांनी सेवा रुजू झाली म्हणून एकदा रडलेसुद्धा. डोकं ह्यांचंही दुखतं. ते चष्म्याला बोल लावतात.

तू घेणार आहेस त्या खालच्या खोलीतला शिंपी गावी गेला, असं मालकाने सांगितलं होतं. काल त्याची बायको शिलाई मशीन न्यायला आली. मी तिला चहाला वर बोलावलं. बोलता बोलता म्हटलं, या घरात मन फार शांत होतं हो. तिने कप खाली ठेवला. "ताई, आमचे हेही हेच म्हणायचे. इथं झोप फार छान लागते म्हणायचे." एका सकाळी तो उठलाच नाही. डॉक्टर तिला म्हणाले, बॉयलरचा धूर कोंडला. त्या धुराला रंग नाही, वास नाही.

ह्यांना सांगितलं, तर म्हणतात, एवढ्या भाड्यात दुसरी जागा दाखव, मग बोल. मी बॉयलर बंद करते, ते चालू करतात. आज सकाळी सुरीच्या टोकाने खिडकीचा एक स्क्रू काढला. दुपारी मालक येऊन तो परत बसवून गेला. हसत होता. माझ्याकडे बघत मात्र नव्हता.

हे मी बाहेर जिन्यावर बसून लिहितेय. बोटं गारठलीत, पण डोकं ठिकाणावर आहे. परवा एक पत्र आत, त्या भिंतीशी बसून लिहिलं होतं. ह्यांनी ते लगेच पोस्टाच्या पेटीत टाकलं. त्यात काय काय लिहिलं ते मला धड आठवत नाही. एवढंच आठवतं, की बाळाला घेऊन लवकर ये, इथे ते मुळीच रडणार नाही, असं मी म्हटलं होतं. ते पत्र तुझ्या हातात आधी पडेल. त्याचं ऐकू नकोस गं. येऊ नकोस.

तुझीच,
ताई